हाताचा भाला, घोड्याचा भाला

धर्मापुरीतल्या आमच्या जुन्या घरात माळवदाच्या सऱ्यांमध्ये एक भाला खोचून ठेवलेला असे. खंडेनवमीला तो खाली यायचा. पाते घासूनपुसून लख्ख व्हायचे, त्याला हळदकुंकू लागायचे, झेंडूची फुले वाहिली जायची आणि दसरा उलटला की भाला पुन्हा सऱ्यांत. पाते वीतभर, अरुंद, मधोमध कणा उमटलेला. बांबू मात्र जेमतेम चार हातांचा. रात्री मळ्यात जाणाऱ्याने रानडुकराच्या भीतीने हातात धरावा तसला हा राखणीचा भाला असेल, असे मी लहानपणी धरून चाललो होतो. पुढे आजोबांनी सांगितले, की मूळचा वेळू किडीने खाल्ला, दुसरा उन्हाने तडकला आणि आता बसवलेला तिसरा घरात सापडला तेवढ्या लांबीचा आहे. पहिला वेळू माळवदाखाली उभा मावत नसे, अंगणातच भिंतीला टेकवावा लागे.

एवढ्या एका वाक्याने ते शस्त्र माझ्यापुरते बदलून गेले. पाते तेच होते, पण ते पायी राखणदाराचे नसून स्वाराचे होते. भाल्याची ओळख त्याच्या दांडीत असते आणि नेमकी दांडीच आधी कुजते. देशभरच्या संग्रहालयांत पाती उरली आहेत, वेळू गेले आहेत. त्यामुळे शेजारच्या चिठ्ठीवर नुसते 'भाला' एवढेच लिहिलेले असते आणि तो कोणाच्या हातात होता, जमिनीवर होता की खोगिरावर, हे पाहणाऱ्याला कळायला मार्ग राहत नाही. या पुस्तकाची सुरुवात त्या हरवलेल्या वेळूपासून झाली.

इंग्रजीत यासाठी दोन शब्द आहेत, स्पिअर आणि लान्स. शाळेतल्या मुलाला विचारले तर तो सांगतो, पायदळाचा तो स्पिअर आणि घोडेस्वाराचा तो लान्स. उत्तर चुकीचे नाही, पण अर्धे आहे. खरा प्रश्न बळ कोणाचे, हा आहे. हातात धरून भोसकला किंवा फेकला तर पात्यामागे माणसाच्या खांद्याचे, कमरेचे आणि पावलांचे बळ असते. काखेत घट्ट दाबून, घोडा भरधाव सोडून तो समोरच्यावर नेला तर हाताने फक्त दिशा द्यायची. बळ घोड्याचे. घोडा, स्वार आणि सामान मिळून पाच-सहाशे किलोचे वजन त्या टोकावर येऊन आदळते. पहिल्या प्रकारात शस्त्र माणसाच्या हाताची लांबी वाढवते, दुसऱ्यात माणूसच शस्त्राचा एक सांधा होतो. दांडीची लांबी, जाडी, मूठ धरण्याची जागा, बुडाचे वजन, सगळे या एका फरकातून ठरते.

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न फार जुन्या काळी विचारला होता आणि तोही अधिक नेमकेपणाने. अग्निपुराणातल्या धनुर्वेदाच्या भागात शस्त्रांची वाटणी पात्याच्या आकारावरून केलेली नाही, ती हातातून सुटण्यावरून केली आहे. यंत्राने सुटते ते यंत्रमुक्त, हाताने फेकतात ते पाणिमुक्त, सोडूनही धरून ठेवता येते ते मुक्तसंधारित आणि तलवारीसारखे जे हातून सुटतच नाही ते अमुक्त. तोमर पाणिमुक्तात जातो, प्रास मुक्तसंधारितात. सोडायचे आणि तरी धरून ठेवायचे, हे काय असेल, असा प्रश्न मला कित्येक वर्षे पडत होता. उत्तर मिळाले ते कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळात. तिथे विटा नावाचा भाला खेळतात. त्याच्या दांडीला दोर असतो आणि दोराचे दुसरे टोक मनगटाला. विटा शत्रूच्या अंगावर जातो आणि झटक्यासरशी हातात परत येतो. प्रास म्हणजेच विटा, असे मी म्हणणार नाही. मधे कित्येक शतके आहेत. पण पुराणकाराने ज्या कप्प्याला नाव दिले, तो कप्पा आपल्या मुलखात रिकामा राहिला नाही, एवढे मात्र नक्की.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यायात शक्ती, प्रास, कुंत, शूल, तोमर अशी टोकदार शस्त्रांची वेगवेगळी मोजदाद आहे. अमरकोशात मात्र प्रास आणि कुंत हे एकमेकांचे पर्याय ठरले आहेत. कोठारावर नेमलेल्या अधिकाऱ्याला फरक ठेवावाच लागतो, कारण प्रत्येक नगाची नोंद त्याच्या माथी असते. कोशकाराला आणि कवीला तेवढी निकड नसते, वृत्तात बसला तो शब्द चालतो. भाल्याच्या बाबतीत इतिहास आणि साहित्य यांची फारकत इतकी जुनी आहे. खुद्द 'भाला' या शब्दाची कथाही तशीच. संस्कृतात भल्ल हे एका प्रकारच्या बाणाचे नाव. महाभारतात भल्लाने शिरे उडवली जातात ती धनुष्यातून. तोच शब्द मराठीपर्यंत येताना बाणाच्या टोकावरून उतरून लांब काठीच्या टोकावर बसला. जुन्या ग्रंथातला भल्ल दिसला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे भाला उभा राहतो, आणि तिथेच पहिली चूक होते.

मराठीत भाल्याचे गोत मोठे आहे. बरची आखूड, सांग बहुतेक सगळी लोखंडाची, विटा दोराचा, नेजा फारसीतून आलेला आणि स्वाराच्या लांब भाल्याचा. 'राज्यव्यवहारकोश' शिवछत्रपतींच्या आज्ञेने तयार झाला तेव्हा त्यात शस्त्रवर्ग हा स्वतंत्र वर्ग ठेवावा लागला, कारण फारसी शब्द सैन्यातही खोल रुजले होते. विल्यम आयर्विनने 1903 सालच्या मोगल सैन्यावरील ग्रंथात नेजा, बरछा, सांग, बल्लम यांची वेगवेगळी वर्णने दिली आहेत. पण प्रत्येक प्रांतात, प्रत्येक छावणीत ही नावे थोडी थोडी सरकत. एका गावची बरची दुसऱ्या गावचा भाला असू शकते. म्हणून या पुस्तकात नावावरून वस्तू ओळखण्याऐवजी आधी वस्तूची लांबी, वजन आणि पकड पाहिली आहे, नाव नंतर.

आता थोडे बाहेर पाहू. मॅसिडोनियाच्या पायदळाचा सॅरिसा पाच-सहा मीटर लांब होता, दोन्ही हातांनी धरायचा, आणि तो एकट्याचा नव्हताच. रांगच्या रांग मिळून ते एक शस्त्र होई. युरोपात घोड्यावरून काखेत दाबून मारण्याची रीत अकराव्या शतकाच्या शेवटी ठळक होते. बायोच्या प्रसिद्ध भरतकामात काही स्वार भाला डोक्यावर उगारून आहेत तर काही काखेत घेऊन. दोन युगे एकाच कापडावर शेजारी उभी आहेत. त्यानंतर उंच पाठीचे खोगीर आले, हात झाकणारी चकती आली, चिलखताला भाला टेकवायचा आकडा आला. लिन व्हाइट या अभ्यासकाने 1962 साली असे मांडले, की हे सगळे रिकिबीमुळे शक्य झाले आणि रिकिबीमागोमाग युरोपची सरंजामशाही उभी राहिली. या मतावर पुढे कडाडून टीका झाली आणि आज ते मूळ रूपात फारसे कोणी मानत नाही. माझेही मत टीकाकारांच्या बाजूचे आहे. रिकीब नसतानाही लोक घोड्यावरून भाला चालवतच होते, आणि सांचीच्या शिल्पांत पायाचा अंगठा अडकवण्यापुरती रिकीब दिसते, पण आपल्याकडे त्यातून युरोपसारखा जड स्वार जन्माला आला नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे रिकिबीच्या इतिहासावर कितीतरी आधी लिहून गेले. तो धागा आपण मराठी लोकांनी पुढे न्यायला हवा होता.

लांब भाल्याचा जड स्वार अजिंक्य होता, असेही नाही. 1302 साली कोर्ट्राई येथे फ्लँडर्सच्या पायदळाने फ्रेंच सरदारांचे घोडदळ चिखलात आणि भाल्यांच्या भिंतीवर अडवून कापले. 1314 साली बॅनकबर्नला स्कॉटिश पायदळाने तेच केले. म्हणजे घोड्याच्या भाल्याला उत्तर हाताच्या भाल्यानेच दिले, फक्त हात हजारो होते.

मराठा स्वाराचा भाला मात्र या दोन्ही चौकटींत बसत नाही, आणि या पुस्तकाला मुख्यतः जे सांगायचे आहे ते इथे आहे. त्याची दांडी भरीव बांबूची, हलकी, लांब, लवचीक. स्वाराच्या अंगावर जड चिलखत नाही, घोडा दख्खनी, आकाराने लहान, चिवट, जागच्या जागी वळणारा. हा स्वार काखेत भाला दाबून सरळ रेषेत शत्रूच्या फळीवर जाऊन आदळत नाही. तो कडेने येतो, भोसकतो, वळतो, पळता पळता मागे येणाऱ्याच्या छातीवर टोक धरतो. शस्त्राची लांबी घोडेस्वाराच्या भाल्याची, पण बळ आणि चलाखी हाताची. बोथाटीचा खेळ पाहिला की हे लगेच कळते. पात्याऐवजी टोकाला बोथट गोळा, तो रंगात बुडवलेला आणि दोन घोडेस्वार एकमेकांभोवती फिरत अंगावर ठिपका उमटवण्याच्या खटपटीत. तिथे जिंकते ते मनगट आणि घोड्याचे वळण. सरळ धाव घेणारा पहिल्याच फेरीत रंगतो. ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट होता आणि त्याने लिहिलेला मराठ्यांचा इतिहास 1826 साली प्रसिद्ध झाला. भाला चालवण्यातले मराठ्यांचे कसब त्याने नोंदवले आहे, आणि भाला मोडलाच तर हाताशी असावी म्हणून ढाल बाळगतात, असेही तो सांगतो. आधी भाला, मग बाकीचे.

हे सारे मी धर्मापुरीत बसून का लिहावे? आमचे गाव केदारेश्वराच्या चालुक्यकालीन देवळासाठी ओळखले जाते. जुन्या देवळांचे दगड घालून उभारलेला किल्लाही इथे आहे. पण नकाशा पुढ्यात घेतला तर दिसते, की अठराव्या शतकात भाला चाललेली कितीतरी रणांगणे याच मुलखाच्या अवतीभवती आहेत. पालखेडला 1728 साली पहिल्या बाजीरावाने निजामाला धरले, ते तुंबळ लढाई न करता. त्याचे जड सैन्य आणि तोफा पाण्यापासून आणि रसदेपासून तोडून. त्या मोहिमेतले खरे शस्त्र वेग होते आणि वेगाला पेलणारे हत्यार भाला. खांद्यावर भाला टाकून, घोड्याचा लगाम सैल सोडून, तळव्यावर कणसे चोळत दाणे खात चाललेला बाजीराव ही आख्यायिका प्रसिद्धच आहे. ती घडली असो वा नसो, त्या चित्रात भाला जिथे आहे तिथेच तो असायला हवा: खांद्यावर, तोल साधून, दिवसभराच्या दौडीत ओझे न होता. 3 फेब्रुवारी 1760 ला उदगीर. 10 ऑगस्ट 1763 ला आमच्याच बीड जिल्ह्यात गोदाकाठी राक्षसभुवन, जिथे निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. 11 मार्च 1795 ला खर्डा. उदगीरला इब्राहिमखान गारद्याच्या तोफा होत्या, खर्ड्याला कवायती पलटणी होत्या. भाला एकटा कधीच नव्हता आणि शतक सरता सरता त्याचा वाटा कमी होत गेला. 23 सप्टेंबर 1803 रोजी जालन्याकडच्या असईला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीचा डायोमेड हा घोडा भाल्याच्याच जातीच्या शस्त्राने जखमी झाला, पण ती लढाई तोफा आणि संगिनींनी ठरवली.

भाला तिथे संपला असे वाटते, पण तो दुसऱ्याच्या गणवेशात परत आला. अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. याच कंटिंजंटच्या पथकांना लान्सर्स म्हणू लागले आणि त्यांतूनच पुढे डेक्कन हॉर्स झाली. 14 जुलै 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूडजवळ डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी उभ्या पिकातून जर्मनांवर भाले रोखून हल्ला केला. समोर मशीनगन होत्या, मागे खंदक. त्यांच्या हातातल्या भाल्यांत एक गोष्ट आमच्या मातीची होती: बांबूची दांडी. ज्या युरोपने आपला लान्स पोलंडच्या स्वारांकडून पुन्हा शिकून घेतला, त्याच्याच फौजेत हिंदुस्थानी बांबू जाऊन बसला. डेक्कन हॉर्स आजही भारतीय लष्करात आहे. तिच्याकडे आता रणगाडे आहेत.

शब्द मात्र गावोगाव पोचले. मराठवाड्यातल्या कित्येक घरांच्या दारावर 'लान्स नायक' अशी पाटी असते. हा लान्स मूळ इटालियन 'लान्चा स्पेत्साता', म्हणजे मोडलेला भाला, यावरून आला. भाला मोडेपर्यंत लढलेला अनुभवी शिपाई, असा त्याचा भाव. 'फ्रीलान्स' हा शब्द वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या 1819 सालच्या कादंबरीने रूढ केला. कोणा एकाच्या चाकरीत बांधलेला नाही, आपला भाला आपण घेऊन पगारावर लढणारा. यासाठी मराठीत शब्द तयारच होता: शिलेदार. स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार. बारगीर त्याच्या उलट, घोडा सरकारचा. पत्रकारितेत मुक्त काम करणाऱ्या तरुणाने स्वतःला शिलेदार म्हणवून घेतले तर ते शब्दशः खरे ठरेल. एका सारखेपणाला मात्र फसू नये. इंग्रजीतला 'पाइक' म्हणजे लांब भाला आणि आपला 'पाईक' म्हणजे पायदळातला सेवक, यांचे नाते नाही. आपला पाईक पायावरून आला आहे आणि तुकोबांच्या गाथेत त्याच्यावर स्वतंत्र अभंग आहेत.

या विषयाचा अभ्यास तीन वाटांनी झाला. एक संग्राहकांची. 1880 साली एगर्टनने हिंदी शस्त्रांची सूची छापली, तेव्हापासून पाते, नक्षी, धातू यांवर भर राहिला. दुसरी कागदपत्रांची. वि. का. राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड छापायला सुरुवात केली, सुरेंद्रनाथ सेन यांनी 1928 साली मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, य. न. केळकरांनी ऐतिहासिक शब्दांचा कोश केला. तिसरी वाट करून पाहणाऱ्यांची. आखाड्यातले वस्ताद आणि मर्दानी खेळ जपणारी घराणी त्या वाटेवर आहेत. पहिल्या दोन वाटांनी खूप दिले. तिसऱ्या वाटेकडे विद्वानांनी दुर्लक्ष केले आणि ते मला मान्य नाही. भाल्याचा तोल कुठे येतो हे कागद सांगत नाही, मनगट सांगते.

साहित्याकडे वळताना मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटले. कादंबरीकाराला शस्त्र म्हणजे स्वभाव. सर्व्हान्टिसचा डॉन किहोते पवनचक्कीवर चालून जातो तेव्हा त्याचा लान्स मोडतो आणि तो वाळल्या फांदीला जुने टोक बांधून नवा करतो. संपून गेलेल्या युगाला सोडायला तयार नसलेला माणूस त्या एका काठीत उभा राहतो. आपल्याकडे कर्णाची वासवी शक्ती घ्या. ती एकदाच सुटते. अर्जुनासाठी जपलेली ती घटोत्कचावर खर्ची पडते आणि वाचकाचा श्वास तिथे अडकतो, कारण ती पाणिमुक्त आहे, परत येणारी नाही. चित्रांत आणि पडद्यावर तीच शक्ती कधी बाणासारखी धनुष्याला लावलेली दिसते, आणि सगळा ताणच निघून जातो. शल्याला मारणारा युधिष्ठिर शक्तीच फेकतो, हेही फार थोड्यांच्या लक्षात असते. अजिंठ्याच्या 17 व्या लेण्यात सिंहलाच्या कथेतले भालेवाले स्वार आणि हत्तीवरचे योद्धे पाहिले की वाटते, त्या चित्रकाराने खरे सैन्य पाहिले होते. तुळजापूरच्या भवानीचा त्रिशूळ महिषासुरात वरून खाली उतरतो. हाताच्या भाल्याची ती सर्वांत ओळखीची चाल आहे.

मराठी ऐतिहासिक कादंबरी जन्मली तेव्हा इंग्रजी शिकलेली पिढी स्कॉट वाचत होती. त्यामुळे कधीकधी मावळ्याच्या हातात नकळत युरोपचा लान्स आला. पुढे पडद्यावर ते अधिक ठळक झाले. घोडदळ एका रेषेत, भाले आडवे, संथ गतीतून भरधाव आणि मग टक्कर. दिसायला भव्य, पण गनिमी काव्याच्या फौजेला अगदी परके. आज खेड्यातला मुलगा मोबाइलवरच्या खेळात हत्यार निवडतो तेव्हा 'स्पिअर' आणि 'लान्स' अशी दोन चित्रे त्याच्या समोर येतात. तिसरे चित्र, त्याच्या पणजोबांच्या भाल्याचे, त्या यादीत नसते.

आणि याच काळात भाला पुन्हा घराघरांत बोलला जाऊ लागला आहे. 7 ऑगस्ट 2021 ला टोकियो ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्राने 87.58 मीटरवर भाला फेकला, तेव्हापासून तालुक्याच्या मैदानांवर मुले बांबूच्या काठ्या फेकताना दिसतात. पुरुषांच्या स्पर्धेतला भाला 800 ग्रॅमचा असतो. जुन्या भाषेत तो तोमराच्या कुळातला, पाणिमुक्त. त्या मुलांना या कुळाची बाकीची माणसे भेटवावीत, असे मला मनापासून वाटते.

हे पुस्तक शस्त्रांची सूची नाही आणि लढायांचा इतिहासही नाही. घरातली, देवळातली, वीरगळांवरची आणि संग्रहालयांतली टोकदार शस्त्रे पाहून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारण्याचा हा प्रयत्न आहे: तुझ्यामागे बळ कोणाचे होते? जगातल्या इतर परंपरा मी तुलनेपुरत्या घेतल्या आहेत, कारण शेजारी दुसरे ठेवल्याशिवाय आपले वेगळेपण दिसत नाही. कथा-कादंबऱ्यांवर लिहिताना लेखकांच्या चुका काढणे हा हेतू नाही. पुढच्या लेखकाने भाला हातात घेताना त्याची लांबी माहीत असावी, एवढेच. मराठी शब्द जिथे होता तिथे मी तोच वापरला आहे. युरोपच्या काखेत दाबलेल्या भाल्याला मात्र लान्सच म्हटले आहे, कारण ती वस्तू आपली नव्हती.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात माळवदात, माळ्यावर किंवा देव्हाऱ्याच्या मागे जुना भाला असेल तर यंदाच्या खंडेनवमीला तो पुजण्याआधी मोजा. पात्याची लांबी, नळीचे तोंड, दांडीची लांबी आणि जाडी, बुडाला शेंबी आहे का, बोटावर तोललात तर तोल कुठे येतो. पाते घासण्याआधी एक छायाचित्र काढा. दांडी बदललेली असेल तर मूळची किती लांब होती हे घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा आणि ते उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, वहीत लिहून ठेवा.